गाडीची सीट हलेनाशी झाली तर

चारचाकी गाडी आता खेडोपाडी आली आहे. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी जायचे, मुलीला कॉलेजात पोहोचवायचे, रात्री-अपरात्री घरातल्या वडील माणसाला दवाखान्यात न्यायचे, अशी तिची रोजची कामे आहेत. पूर्वी ड्रायव्हरची सीट पुढेमागे करायची म्हणजे खाली हात घालून लोखंडी दांडी उचलायची आणि पायाने रेटा द्यायचा. दांडीत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. अलीकडे मात्र ह्युंदाई क्रेटा, महिंद्र एक्सयूव्ही ७००, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस अशा घरगुती गाड्यांच्या वरच्या दर्जाच्या प्रकारांत दांडी जाऊन बटणे आली. बटण दाबले की सीट आपोआप सरकते, उचलली जाते, पाठ मागे रेलते. सोय मोठी आहे. पण एक दिवस बटण दाबावे आणि सीट जागची हलूच नये, असा प्रसंग येतो. अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, हे आपण आज समजून घेऊ.

तुम्ही म्हणाल, सीट हलली नाही तर एवढे काय बिघडले? गाडी तर चालते ना! पण असे पाहा. घरात दोन माणसे गाडी चालवतात. नवरा पावणेसहा फूट उंच, बायको पाच फूट. दोघेही शिक्षक, शाळा वेगवेगळ्या गावी. सकाळी नवऱ्याने सीट मागे घेतली आणि ती तिथेच अडकली. दुपारी बाईंना गाडी घेऊन निघायचे आहे. त्यांचा पाय ब्रेकवर पुरता पोहोचत नाही, चवड्याऐवजी बोटाच्या टोकाने दाबावे लागते. घाटात समोर एकदम एस.टी. आली आणि ब्रेक कचकन दाबायची वेळ आली, तर तो पुरता दाबला जाणार नाही. उलट सीट पुढे अडकली तर उंच माणूस स्टीअरिंगला छाती लावून बसतो. स्टीअरिंगमध्ये हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग असते. अपघातात ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच स्फोटाच्या जोराने फुगते. म्हणून छातीचे हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत किमान दहा इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे, असे अमेरिकेची महामार्ग-सुरक्षा संस्था सांगते. तेव्हा सीटचा हा बिघाड केवळ गैरसोयीचा नाही, तो जिवाशी गाठ घालणारा आहे.

ही कल्पना तशी जुनीच आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या काही महागड्या गाड्यांत तेलाच्या दाबाने हलणाऱ्या सीटा होत्या. पुढे तेलाची जागा विजेच्या मोटरींनी घेतली. १९५७ साली तर मर्क्युरी टर्नपाइक क्रूझर आणि फोर्ड थंडरबर्ड या गाड्यांत ड्रायव्हरची जागा लक्षात ठेवणारी सीटही आली. आपल्याकडे ही वस्तू घरगुती गाडीत उतरायला पुढची बरीच वर्षे जावी लागली. म्हणूनच गावचा मेकॅनिक इंजिनाचा नाद ओळखतो, पण सीटखालच्या वायरी पाहून थोडा बिचकतो. खरे तर बिचकण्याचे कारण नाही. आतली रचना कळली की निम्मे भय जाते.

सीटच्या खाली एक नव्हे, बहुधा तीन-चार छोट्या मोटरी असतात. जाहिरातीत ‘आठ बाजूंनी हलणारी सीट’ असे लिहिलेले असते. त्याचा हिशोब सोपा आहे. सीट पुढे आणि मागे, बसण्याचा भाग पुढून वर आणि खाली, मागून वर आणि खाली, आणि पाठ सरळ व रेललेली. हालचाली चार, प्रत्येकीच्या दिशा दोन, मिळून आठ. प्रत्येक हालचालीला साधारणपणे आपली एक स्वतंत्र मोटर असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे बिघाड शोधताना ती उपयोगी पडणार आहे.

आता प्रश्न असा, की मुठीएवढी मोटर ऐंशी किलोच्या माणसाला कशी हलवते? उत्तर तुमच्या गाडीच्या डिकीतच आहे. चाक बदलताना आपण जॅक लावतो. जॅकचा स्क्रू हाताने गरगर फिरवला की गाडी तसूतसूने वर येते. फेरे पुष्कळ मारावे लागतात, पण जोर थोडा पुरतो. शिवाय हात सोडला तरी गाडी खाली बसत नाही, कारण वजनाने स्क्रू उलटा फिरत नाही. सीटखाली हीच युक्ती आहे. मोटर वेगाने फिरते, तिच्या पुढचा आट्यांचा गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतो आणि एक लांब स्क्रू सीटला रुळावरून सरकवतो. म्हणून तर वीज गेली तरी सीट आहे तिथेच घट्ट राहते. हा गुणही आहे आणि अडचणही. मोटर बंद पडली की धक्का देऊन, रेटा मारून सीट हलत नाही. कृपा करून तसा प्रयत्नही करू नका. रूळ वाकतील, सीट मात्र हलणार नाही.

मोटर सुलट आणि उलट कशी फिरते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. विहिरीवरची तीन फेजची मोटर उलटी फिरू लागली तर आपण दोन वायरींची अदलाबदल करतो. गाडीची वीज बॅटरीची, बारा व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी. तिच्यावर चालणाऱ्या मोटरीला वायरी दोनच. त्या उलटसुलट केल्या की मोटर उलटी फिरते. सीटचे बटण हेच काम करते. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक असे दोन स्विच असतात ना, तसले दुहेरी स्विच या बटणात दोन असतात. एक पुढे जाण्यासाठी, दुसरा मागे येण्यासाठी. बटण मोकळे असते तेव्हा मोटरीच्या दोन्ही वायरी बॅटरीच्या ऋण बाजूला जोडलेल्या असतात. पुढचे बटण दाबले की एक वायर धन बाजूला जाते, दुसरी ऋणच राहते, मोटर सुलटी फिरते. मागचे दाबले की नेमके उलट होते.

विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. खेळण्यातली एक मोटर, दोन सेल आणि दोन दुहेरी स्विच एवढे सामान पुरे. दोन्ही स्विचच्या मधल्या टोकांना मोटरीच्या वायरी जोडा. प्रत्येक स्विचचे एक टोक धन बाजूला, दुसरे ऋण बाजूला जोडा. एक स्विच दाबला की मोटर सुलटी, दुसरा दाबला की उलटी, आणि दोन्ही एकदम दाबले की मोटर गप्प. ती गप्प का होते, हे मुलांना विचारा. दोन्ही टोके धन झाली, दाबातला फरकच उरला नाही, मग वीज वाहील कशी? पुस्तकातली व्याख्या पाठ करण्यापेक्षा या एका प्रश्नाने मुलांना अधिक कळेल.

बटणांच्या आकाराविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुष्कळ गाड्यांत ही बटणे सीटच्याच आकाराची असतात. आडवे बटण म्हणजे बसण्याचा भाग, उभे बटण म्हणजे पाठ. आडवे बटण पुढे ढकलले की सीट पुढे जाते. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेवर १९८८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चांगल्या रचनेचा नमुना म्हणून मर्सिडिझ गाडीच्या अशाच बटणांचा दाखला आहे. न सांगता, न शिकवता वापर कळावा, अशी ती रचना. असो. आपण मूळ विषयाकडे वळू.

सीट हलेना. आता पहिले काम कोणते? पाना हातात घेणे हे मुळीच नव्हे. पहिले काम कान देण्याचे. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, रेडिओ बंद करा, खिडक्या लावून घ्या आणि एकेक बटण दाबून ऐका. प्रत्येक हालचाल दोन्ही दिशांना करून पाहा आणि काय होते ते कागदावर लिहा. पाठ हलते का? उंची वाढते का? मोटरीचा घर्र आवाज येतो का? नुसता ‘टक’ होतो का? की सगळेच सामसूम? डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसेच हे आहे. या पाच मिनिटांच्या परीक्षेने पुढचे अर्धे काम होते.

यानंतर बॅटरी घ्या आणि सीटच्या खाली, पुढून आणि मागून, नीट पाहा. घरगुती गाडीच्या सीटखाली काय काय सापडते, हे सांगायला नको. पाण्याची बाटली, मुलाची चप्पल, छत्रीची दांडी, पिशवीतून सांडलेली भुईमुगाची शेंग. बाटली रुळाच्या टोकाला अडकली की मोटर जोर लावते, तापते आणि थांबते. अनेक मोटरींत उष्णतेने तुटणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळणारे संरक्षण असते. म्हणून अडथळा काढल्यावर लगेच निराश होऊ नका. दहा मिनिटे थांबा आणि मग बटण दाबा. रुळांत माती, वाळू, धान्य भरले असेल तर ते ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. पाण्याचा पाइप मात्र लावू नका. सीटखाली वायरींचे जाळे आहे.

एवढे करूनही सीट हलली नाही, तर मघाचा कागद पुढे घ्या. त्यावर चारपैकी कोणती तरी एक गोष्ट लिहिलेली असेल.

पहिली गोष्ट: सगळेच बंद. एकही हालचाल नाही, आवाज नाही. आता विचार करा. चार मोटरी एकाच दिवशी, एकाच वेळी जळतील का? क्वचितच. घरातले सगळे दिवे एकदम गेले तर आपण बल्ब बदलत नाही, फ्यूज पाहतो. इथेही तेच करा. गाडीच्या माहितीपुस्तिकेत फ्यूजचा तक्ता असतो, त्यात ‘पॉवर सीट’चा फ्यूज शोधा. तो बहुधा वीस ते तीस अँपिअरचा असतो. पात्याच्या साध्या फ्यूजमध्ये वीसचा रंग पिवळा, तीसचा हिरवा. आतली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवा. जास्तीचा नको आणि तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नकोच नको. पंपाच्या पेटीत अशी तार बांधण्याची आपल्याकडे खोड आहे. गाडीत ती वायर सीटच्या फोमखालून जाते. फ्यूजने जळायचे ते वायरने जळले, तर आग तुमच्या बैठकीखाली लागेल. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठे तरी वायर लोखंडाला टेकली आहे असे समजा आणि तिथेच थांबा. हे मेकॅनिकचे काम.

फ्यूज धड असेल तर सीटखालचा जोड, म्हणजे कनेक्टर पाहायचा. सीट हजारदा पुढेमागे होते, तिच्याबरोबर वायरी ताणल्या जातात, कधी पाय लागून जोड अर्धा निसटतो. कधी चहा सांडतो, पावसाळ्यात चिखलाचे पाणी साचते आणि आतले तांबे हिरवे पडते. सीट एका ठराविक जागी आली की चालते आणि दुसऱ्या जागी बंद पडते, असे होत असेल तर हा जोड किंवा त्याची वायरच दोषी आहे असे खुशाल समजावे.

पण इथे एक धोक्याची सूचना आहे. सीटखाली पिवळ्या रंगाचे जोड किंवा पिवळ्या नळीतल्या वायरी दिसल्या, तर त्यांना हात लावू नका. त्या एअरबॅगच्या आणि पट्टा आवळणाऱ्या यंत्राच्या असतात. त्यांच्यात छोटी स्फोटक द्रव्ये असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावणे, मीटर लावणे, ओढून पाहणे, यांपैकी काहीही करू नये. सीट सोडवायची वेळ आलीच तर किल्ली काढावी, बॅटरीची ऋण वायर सोडवावी आणि पुस्तिकेत सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे. तो जोड सुटा असताना किल्ली फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि तो मालवायला गॅरेज गाठावे लागते. ज्याला या कामाची सवय नाही, त्याने हे काम करूच नये.

दुसरी गोष्ट: एकच हालचाल बंद, बाकीच्या चालू. पाठ रेलते, उंची बदलते, पण पुढेमागे होत नाही. म्हणजे फ्यूज ठीक आहे, मुख्य जोड बहुतेक ठीक आहे. दोष त्या एका मोटरीत, तिच्या वायरीत किंवा बटणाच्या त्या भागात आहे. सगळी सीट बदलण्याचे काही कारण नाही.

तिसरी गोष्ट मोठी मजेची आहे: सीट एकाच दिशेने हलते. पुढे जाते, मागे येत नाही. आता मघाचा दुहेरी स्विचचा प्रयोग आठवा. मोटर पुढच्या दिशेने फिरली, म्हणजे मोटर जिवंत आहे, तिच्या दोन्ही वायरी अखंड आहेत आणि फ्यूजही शाबूत आहे. उरले काय? बटण. मागे येण्यासाठी जी दोन टोके एकमेकांना टेकायला हवीत, त्यांतले एखादे झिजले आहे किंवा काळे पडले आहे. सीट रुळाच्या टोकाला नाही आणि मागे काही अडलेले नाही, एवढी खात्री केली की दोष बटणाचाच असण्याचा संभव फार मोठा. पुष्कळशा गाड्यांत हे बटण सीटच्या बाजूच्या झाकणात बसवलेले असते आणि ते सुटे बदलता येते. जिथे बटण आणि मोटर यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक पेटी असते, तिथे दोष त्या पेटीतही असू शकतो. तरी मोटर निर्दोष ठरते, हे तर नक्की. मेकॅनिकने अशा वेळी ‘मोटर गेली’ असे सांगितले, तर त्याला हा प्रश्न नम्रपणे विचारा: “दादा, मोटर गेली असेल तर ती पुढे कशी फिरते?”

चौथी गोष्ट: मोटरीचा आवाज येतो, सीट मात्र हलत नाही. विजेचा भाग ठीक आहे, बिघाड यांत्रिक आहे. गिअरचे दाते झिजले असतील, स्क्रूची पकड सुटली असेल. काही गाड्यांत एकच मोटर दोन्ही रुळांना फिरत्या केबलने चालवते. त्यांतली एक केबल निसटली तर सीटची एक बाजू पुढे आणि दुसरी मागे, अशी ती तिरकी होते. तिरकी सीट पुन्हा पुन्हा चालवू नका, रूळ कायमचे बिघडतात.

सीट हलते पण रडतरखडत हलते, अशी तक्रार असेल तर आधी इंजिन सुरू करून पाहा. बंद गाडीत चांगल्या बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्टच्या आसपास असतो, इंजिन चालू असताना तो साधारण साडेतेरा ते साडेचौदापर्यंत जातो. इंजिन चालू झाल्यावर सीट झपझप हलली तर बॅटरी तपासून घ्या. फरक पडला नाही तर रूळ कोरडे असतील किंवा एखादा जोड सैल असेल. सैल जोड मोठा फसवा असतो. मीटर लावून पाहिले तर पुरे बारा व्होल्ट दिसतात, पण मोटर फिरत नाही. याचे कारण ओहमच्या नियमात आहे. जोडाचा रोध फक्त ०·२ ओहम आहे असे धरा. मीटरमधून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून दाब कमी झालेला दिसत नाही. पण मोटर दहा अँपिअर ओढू लागली की त्या जोडावरच दोन व्होल्ट खर्च होतात. म्हणून मोजमाप घ्यायचे ते बटण दाबून ठेवून, मोटर ओढत असताना घ्यायचे. दहावीच्या शिक्षकांना हे उदाहरण फळ्यावर सोडवायला चांगले आहे.

ज्या सीटला आपली जागा लक्षात ठेवण्याची सोय असते, तिच्यात मोटरीचे फेरे मोजणारा एक छोटा भाग असतो. तो बिघडला तर अनेक गाड्यांत सीट थोडीशी सरकून थांबते, पुन्हा दाबले की पुन्हा थोडी सरकते. बॅटरी काढून बसवल्यावरही कधी कधी सीट आपली जागा विसरते. मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन पुन्हा शिकवावे लागते. हा बिघाड नव्हे.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. सीट न हलणे वाईट, पण बटण दाबलेले अडकून राहणे त्याहून वाईट. २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेत किया कंपनीने २०२० ते २०२४ च्या बनावटीच्या ४,२७,४०७ टेलुराइड गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. कारण काय, तर बाजूने धक्का लागून सीट सरकवण्याचे बटण आत तिरके बसून अडकू शकत होते. मग मोटर थांबतच नाही, तापत जाते आणि आग लागू शकते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा, असे मालकांना सांगण्यात आले. आपण यातून एवढेच घ्यावे, की बटण आत अडकले, सीटखालून सतत घर्र आवाज आला किंवा जळका वास आला, तर गाडी थांबवा, सगळ्यांना खाली उतरवा आणि धूर नसेल तर सीटचा फ्यूज काढून टाका. फ्यूजशिवाय गाडी चालते. धूर दिसला तर मात्र गाडीजवळ थांबू नका.

दुसरा धोका मुलांचा. अनेक गाड्यांत किल्ली काढली तरी ही सीट हलते. मूल खेळता खेळता बटण दाबते आणि मागे बसलेल्या धाकट्याचा पाय रुळात सापडतो. मोटरीला माणूस आणि अडथळा यांतला फरक कळत नाही. म्हणून उभ्या गाडीत मुलांना एकटे सोडू नका, आणि सीट मागे घेण्यापूर्वी वळून पाहण्याची सवय लावून घ्या.

दुरुस्ती होईपर्यंत काय करावे? ज्याच्या मापाला सीट अडकली आहे, त्यानेच गाडी चालवावी. माप असे घ्यावे: पाठ सीटला टेकवून ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, आणि हात लांब केला तर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. पाय पोहोचत नाही म्हणून पाठीमागे उशी लावण्याची युक्ती लोक करतात. ती धोक्याची आहे. अपघाताच्या धक्क्यात उशी दबते, सरकते आणि पट्ट्याची पकड सैल होते. सीटचे चार बोल्ट काढून ती हवी तिथे ठेवून गाडी हाकणे, हा तर शुद्ध आत्मघात आहे. जाणता मेकॅनिक मोटरीचा जोड सोडवून तिला फ्यूज लावलेल्या वायरीने थेट बारा व्होल्ट देऊ शकतो आणि सीट योग्य जागी आणून ठेवू शकतो. सुटा भाग शहरातून यायला आठवडा लागणार असेल, तर एवढे काम आधी करून घ्यावे. म्हणजे घरातले कामकाज अडत नाही.

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर स्वतः काहीही उघडू नका, सरळ कंपनीच्या गॅरेजात न्या. मुदत संपली असेल, तर आपला कागद दाखवा आणि दोन प्रश्न विचारा. कोणता भाग तपासून दोषी ठरवला? बटण दाबलेले असताना मोटरीपाशी किती व्होल्ट मिळाले? आणि जुना भाग मागून घ्या. जो कारागीर खरा आहे, तो या प्रश्नांनी रागावत नाही. फ्यूज गेला असताना कोणी अख्खी सीट गळ्यात मारली, तर दाद मागण्याची सोय आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिघाड एकाच बनावटीच्या पुष्कळ गाड्यांत येत असेल, तर त्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देण्याची सक्ती करण्याची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात आहे.

यंत्र नवे आले की आपण एक तर त्याचे कौतुक करतो, नाही तर त्याला घाबरतो. त्याला प्रश्न विचारण्याची सवय मात्र अजून आपल्याला लागायची आहे. तुमच्या गाडीची सीट आज सुरळीत चालत असेल, तर आज संध्याकाळीच थोडा वेळ काढा. चारही हालचाली करून त्यांचे आवाज नीट ऐकून ठेवा, म्हणजे उद्या आवाज बदलला तर लगेच कळेल. माहितीपुस्तिकेत फ्यूजच्या तक्त्याचे पान शोधून त्यात दोरा घालून ठेवा. डिकीत दोन जादा फ्यूज ठेवा. सीटखालचा पसारा काढून टाका. आणि घरात जितकी माणसे गाडी चालवतात, त्या सगळ्यांना हे दाखवा, विशेषतः घरातल्या बायकांना. कारण रात्रीच्या वेळी दवाखान्याकडे निघताना सीट अडली, तर त्या वेळी गाडीपाशी कोण असेल हे कोणी सांगावे?